नऊ मिनिटांचं गाणं, ध्रुवपद नाही, तरी अख्ख्या अंगणाला पाठ : लेजियाऊं उर्बाना

उंडगा (धागाकर्ता)

ब्राझीलमध्ये काम्पिनासला प्रोजेक्टवर होतो तेव्हाची गोष्ट. टीममधला एक जण नोकरी सोडून चालला होता, म्हणून रविवारी त्याच्या घरी शुर्रास्कु. म्हणजे अंगणात निखारे पेटवायचे, मांस भाजत राहायचं आणि दुपार कलेपर्यंत कुणी उठायचं नाही. मी शाकाहारी. माझ्या वाट्याला भाजलेला लसूणपाव आणि अननसाच्या फोडी. चार वाजता कुणीतरी गिटार काढली.

दोन-तीन गाणी झाली. मग एक संथ गाणं सुरू झालं आणि सगळे सरसावून बसले. यजमानाचे सासरे साठीतले, त्याची भाची दहावीच्या वयाची, आमचा टीम लीड, भांडी विसळायला उठलेली त्याची बायको, सगळे एका सुरात. मी ध्रुवपदाची वाट बघत होतो, म्हणजे निदान तिथे तरी तोंड हलवता येईल. ध्रुवपद आलंच नाही. गाणं पुढे पुढेच चाललेलं, शब्द कुठे परत येईनात, आणि कुणी मोबाइलमध्ये बघून गातही नव्हतं. नऊ मिनिटं! संपल्यावर सासरेबुवांनी गार झालेला मांसाचा तुकडा तोंडात टाकला आणि मला म्हणाले, तुला काही कळलं नाही ना? बस इथे, सांगतो.

गाण्याचं नाव 'फारोएस्ते काबोक्लो'. जुआंव नावाचा गावाकडचा पोरगा. बापाला शिपायाने गोळी घातलेली. मोठा होतो, चोऱ्यामाऱ्या करतो, सुधारगृहात जातो, मग साल्वादोरला येतो. तिथे एक गुरं हाकणारा भेटतो. त्याच्याकडे ब्राझिलियाचं तिकीट असतं, पण त्याला जाता येणार नसतं, म्हणून तो ते ह्याला देतो. राजधानीतला नाताळचा झगमगाट बघून पोरगं हरखतं. सुताराच्या हाताखाली राबतं, पैसे पुरत नाहीत, गांजाच्या धंद्यात शिरतं. मग मारिया लुसिया भेटते, हा धंदा सोडतो, पुन्हा त्यातच ओढला जातो. जेरेमियास नावाचा वैरी तिच्याशी लग्न करून मोकळा होतो. शेवटी ब्राझिलियाजवळच्या सेइलांजियात भर दुपारी दोन वाजता द्वंद्व, टीव्हीचे कॅमेरे लावलेले, गर्दी जमलेली. त्यात तिघेही जातात. ह्या माणसाला राजधानीत यायचं होतं ते राष्ट्राध्यक्षांना भेटून हाल सोसणाऱ्या लोकांबद्दल बोलायला. ते राहूनच जातं.

मी म्हटलं, हा तर पोवाडा आहे. फक्त ज्याच्यावर रचला तो सरदार नाही, सुताराकडचा उमेदवार आहे.

तर ही गाणी करणारी चौकडी म्हणजे लेजियाऊं उर्बाना, 'शहरी फलटण'. 1982 ते 1996, गाव ब्राझिलिया. गायक-गीतकार रेनातो रुसो, गिटारवर दादो व्हिला-लोबोस, ड्रमवर मार्सेलो बोन्फा आणि पहिले तीन अल्बम बेसवर रेनातो रोशा. ब्राझील म्हटलं की आपल्याला सांबा, पेले आणि कार्निव्हल आठवतो. तिथल्या पन्नाशीतल्या माणसाला विचारा, तरुणपण कशावर काढलंस? निम्मे तरी हे नाव घेतील. इथे कुणी ऐकलंय का?

डबलबेस

ब्राझील म्हणजे सेपुल्तुरा, मेटल बँड. बाकी सगळं लग्नातलं संगीत. 1996 चा 'रूट्स' काढा आणि शाव्हांते आदिवासींसोबत रानात केलेलं रेकॉर्डिंग ऐका, मग बोलू.

उंडगा

डबलबेसराव, सेपुल्तुरापुढे आपण नतमस्तक. पण बघा, त्यातले कव्हालेरा बंधू बेलो ओरिझोंचीहून निघाले, इंग्रजीत गायले आणि जगभर गेले. तुमच्या-माझ्यापर्यंत पोचले ते त्यामुळेच. रेनातोचं इंग्रजी त्यांच्याहून चांगलं होतं. लहानपणी दोन वर्षं न्यूयॉर्कला काढलेली, पुढे ब्राझिलियात इंग्रजी शिकवून पोट भरत होता. 1994 साली एक अख्खा अल्बम इंग्रजी गाण्यांचा केला, पुढच्या वर्षी एक इटालियनमध्ये. पण बँडची गाणी पोर्तुगीजमध्येच. ही बँड घरी राहिली ती त्यामुळे, आणि घराघरात गेली तीही त्यामुळेच.

अनुस्वार

शुद्धलेखन पोलीस हजर आहे. ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र घशातून हकारासारखा काढतात. तेव्हा ते 'हेनातु हुसु' होईल. 'रेनातो रुसो' हे धेडगुजरी झालं.

फोंडेकर

अनुस्वार, ते तिकडचं. आमच्याकडे जुनी माणसं पोर्तुगीज बोलत ती र चांगला खणखणीत लावून. माझे आजोबा पणजीच्या लिसेउमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले. 'हेनातु' ऐकून त्यांनी पट्टी काढली असती. राहू दे रेनातो.

सेक्टर_सतरा

मला ह्यात ब्राझिलियाचं प्रकरण जास्त इंटरेस्टिंग वाटतं. माळरानावर नकाशा ठेवून उभं केलेलं शहर, आखणी लुसिओ कोस्ताची, इमारती नीमायरच्या, उद्घाटन 21 एप्रिल 1960. मी नवी मुंबईत वाढलो. आमचा पत्तासुद्धा आकड्यांचा. रस्ते रुंद, झाडं ओळीत, आणि पंधराव्या वर्षी संध्याकाळी जायचं कुठे हा प्रश्न. कट्टा नाही, नाका नाही. सगळं आखताना पोरांनी टवाळक्या कुठे करायच्या ते आखायचं राहून गेलेलं. असल्या गावात पंक, म्हणजे ते चिडकं, खरखरीत रॉक, उगवलं ह्याचं मला जराही नवल वाटत नाही.

उंडगा

सतरा, अगदी बरोबर पकडलंत. रेनातोचा जन्म 27 मार्च 1960 चा, रिओतला. म्हणजे राजधानीपेक्षा पंचवीस दिवसांनी मोठा. 1973 मध्ये घरचे ब्राझिलियाला आले. ह्याचाही पत्ता आकड्यांचाच, दक्षिण बाजूचं गृहसंकुल क्रमांक 303.

पंक तिथे कसं पोचलं तेही गमतीचं आहे. लष्करी राजवट, बाहेरच्या तबकड्या दुकानात मिळायची मारामार. पण हे गाव सरकारी बाबूंचं आणि वकिलातींचं. कुणाचा बाप परदेशी बदलीवर, कुणाचा बाप परदेशातून इथे आलेला. लंडनहून सुटीत येणारं पोरगं बॅगेतून रेकॉर्ड आणणार, ती दहा जण कॅसेटवर उतरवणार. 1978 साली रेनातोने 'आबोर्तो एलेत्रिको' नावाची पहिली बँड काढली तेव्हा गिटारवर दक्षिण आफ्रिकेच्या राजदूताचा मुलगा होता आणि ड्रमवर फे लेमोस. दादोही मुत्सद्द्याचाच मुलगा, जन्म ब्रसेल्सचा. संगीतकार व्हिला-लोबोस त्याचे चुलत आजोबा. विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या वसाहतीला कोलिना म्हणत, म्हणजे टेकडी. ही टोळी तिथे पडीक असायची.

आणि त्याच्याही आधीचं. पंधराच्या आसपास रेनातोच्या खुब्याच्या हाडाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं आणि पुढे कितीतरी महिने अंथरूण. त्या काळात त्याने वहीत एक खोटी बँड चालवली. तिचे सभासद, त्यांची भांडणं, अल्बमची यादी, मुलाखती, सगळं स्वतःच लिहायचा. खऱ्या बँडचा नेता होण्याआधी बँडचा कारकून होता म्हणा ना.

कुजकट_काका

वाचलं. दोन दिवस ऐकलंही. एक शंका विचारू का? हे तर सरळसरळ इंग्रजांचं उसनं दिसतंय. 'तेंपो पेर्दिदो'ची गिटार द स्मिथ्सच्या कपाटातली, पहिल्या अल्बमवर जॉय डिव्हिजनची सावली, आणि रंगमंचावरचं ते हातवाऱ्यांचं नाचणंही तिकडचंच. साहेबांच्या पोरांनी साहेबांची नक्कल केली, त्यात क्रांती कसली? राजदूतांची मुलं सुताराच्या पोराचं दुःख गाणार!

डबलबेस

काका +1

उंडगा

काका, सुरांचं उसनं मान्य. त्याने स्वतः कधी लपवलं नाही. नावातलं 'रुसो' हेसुद्धा उसनंच, रूसो आणि बर्ट्रांड रसेल ह्यांच्यावरून घेतलेलं. खरं नाव मान्फ्रेदिनी.

साहेबांच्या पोरांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे असं मला वाटत नाही. पहिल्या अल्बमवर 'जेरासाऊं कोका-कोला' आहे. त्यात आम्ही ह्याच कचऱ्यावर वाढलो, आता तोच तुमच्या अंगणात परत टाकतो, असा सूर आहे. म्हणजे स्वतःला वगळून बोलत नाहीत. आणि भाषा बघा. आधीच्या पिढीतल्या मोठ्या गीतकारांना सेन्सॉरमुळे आडून बोलायची सवय लागलेली, रूपकं, दुहेरी अर्थ, सगळी नक्षी. ही पोरं बस स्टॉपवर बोलतात तसं गायली. 'एदुआर्दो इ मोनिका' घ्या. सोळा वर्षांचा टीव्हीवरच्या मालिका बघणारा एदुआर्दो, आणि मोनिका वैद्यकी शिकणारी, जर्मन बोलणारी. पहिल्या भेटीला तो सायकलवर येतो आणि ती मोटरसायकलवर. तिच्या केसांना रंग. पुढे लग्न, जुळी मुलं, आणि गाण्याच्या शेवटी सुटीत कुठेही जाता येत नाही, कारण पोराची परीक्षा राहिलेली. बाकी जगात रॉकच्या गाण्यात कुणाच्या पोराची पुन्हा परीक्षा आलेली मला तरी आठवत नाही.

रेवा

परीक्षा!! हे ऐकायलाच हवं. 😄

कुजकट_काका

बरं. परीक्षेपुरते गुण दिले.

घरचा_अभ्यास

इतिहासाचा चौकोन भरतो. लष्करी राजवट 1964 ते 1985. जानेवारी 1985 हा महिना विलक्षण आहे. 11 तारखेला रिओत 'रॉक इन रिओ' सुरू झालं, 15 तारखेला तान्क्रेदो नेव्हेस राष्ट्राध्यक्ष निवडून आले, एकवीस वर्षांतले पहिले बिगरलष्करी, आणि लेजियाऊंचा पहिला अल्बमही त्याच महिन्यात दुकानात. नेव्हेस शपथविधीच्या आदल्या दिवशी आजारी पडले आणि एप्रिलमध्ये गेले. शपथ न घेताच. लोकांचा हिरमोड काय झाला असेल बघा.

उंडगा

अभ्यासराव, आता ह्याला जोडूनच माझा लाडका किस्सा. 1978 मध्ये रेनातोने 'के पाइस ए एस्ते' लिहिलं. हा कसला देश आहे, असं थेट विचारणारं. गाणं मैफलीत वाजायचं, पण पहिल्या दोन अल्बममध्ये नाही. 1987 मध्ये तिसरा अल्बम काढायची घाई झाली, नवा माल नव्हता, म्हणून जुनी गाणी काढली. त्या अल्बमच्या कागदावर त्यांनीच लिहिलंय की देशात काहीतरी खरंच बदलेल आणि हे गाणं कालबाह्य होईल अशी आशा होती, म्हणून आजवर रेकॉर्ड केलं नाही. अल्बमच्या नावातच '1978/1987' घातलं.

म्हणजे गाणं बाद व्हावं म्हणून गाणारा नऊ वर्षं थांबला, आणि नाही झालं. मी तिथे असताना एका मोर्चात ऐकलं. गाणारे 1987 नंतर जन्मलेले. समोरून प्रश्न आला की गर्दी एका अस्सल शिवीसकट उत्तर देते, 'ब्राझील!' ती शिवी मूळ गाण्यात नाही, लोकांनी भर घातली.

फारोएस्तेही त्याच अल्बमवर. लिहिलं 1979 ला. शिव्यांमुळे रेडिओवाल्यांनी पीं-पीं घालून वाजवलं. नऊ मिनिटांचं गाणं रेडिओ वाजवत नाही हा त्या धंद्याचा नियमच होता, पण लोक फोन करून मागायला लागले.

सेक्टर_सतरा

आणि त्याच ब्राझिलियात नंतर राडा झाला ना? स्टेडियममध्ये?

उंडगा

हो. 18 जून 1988, माने गारिंशा स्टेडियम. मोठं होऊन गावात परतलेली बँड, समोर पन्नास हजारांच्या घरात लोक. व्यवस्था ढिसाळ, पोलीस आधीच तापलेले. मध्येच एक जण स्टेजवर चढून रेनातोला मागून लटकला. रेनातोने त्याला मायक्रोफोनने हाणलं, मग गर्दीकडे वळून नको नको ते बोलला. खालून वस्तू यायला लागल्या. कार्यक्रम गुंडाळला, बाहेर तोडफोड, शेकडो जखमी. बँडने पुन्हा ब्राझिलियात पाय ठेवला नाही.

इथे मी रेनातोच्या बाजूने नाही. त्याला गर्दी हवीही होती आणि सोसतही नव्हती. लोक त्याला प्रेषित मानायचे, तोही अधूनमधून तसा वागायचा, आणि मग कुणी पाय धरले की चिडायचा.

वसईची_केळी

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते ह्या धाग्यासाठी. 'मोंते कास्तेलो' ऐकलं. माणसांच्या आणि देवदूतांच्या भाषा बोललो पण प्रेम नसेल तर... अहो हे तर पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, तेरावा अध्याय! आमच्याकडे लग्नाच्या मिस्साला हमखास वाचतात. पोर्तुगीज येत नाही, भाषांतर लावून बघितलं. पण मधल्या ओळी बायबलमधल्या नाहीत. त्या कुठल्या?

फोंडेकर

त्या कामोंइश ह्या पोर्तुगीज कवीच्या. आजोबांना तो सॉनेट पाठ होता. प्रेम म्हणजे न दिसता जळणारी आग, दुखूनही न जाणवणारी जखम. सगळा विरोधाभास अलंकार. लिसेउमध्ये छडीच्या धाकाने पाठ करून घेत. आणि हा कामोंइश 1553 मध्ये आमच्या गोव्यातच येऊन थडकलेला, शिपाई म्हणून. जुन्या गोव्यात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, आधी बाहेर चौकात होता, आता पुरातत्त्व संग्रहालयात. मी शाळेच्या सहलीत त्याच्यापुढे उभा राहून फोटो काढलाय आणि तेव्हा मला वाटलेलं हा कुठलातरी व्हाइसरॉय.

काल रात्री गाणं लावलं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. ते ज्या ओळी आंघोळ करताना म्हणायचे त्या ड्रमवर ऐकून कसंसंच झालं.

घरचा_अभ्यास

आणि नाव? गाण्यात कुठे किल्ला नाही, लढाई नाही. मोंते कास्तेलो हा इटलीतला डोंगर. दुसऱ्या महायुद्धात ब्राझीलने पंचवीस हजार सैनिक इटलीच्या आघाडीवर पाठवले होते. नोव्हेंबर 1944 पासून त्या डोंगरावर हल्ले फसत होते, शेवटी 21 फेब्रुवारी 1945 ला तो घेतला. वर प्रेमाचं स्तोत्र आणि नाव कत्तलीच्या जागेचं.

अवांतर, पण सांगतोच. त्याच इटलीच्या मोहिमेत आपली मराठा लाइट इन्फन्ट्री होती. यशवंत घाडगे जुलै 1944 मध्ये तिथे पडले, नामदेव जाधवांनी एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे.

उंडगा

हा धागा काढल्याचं सार्थक झालं. हे गाणं ज्या अल्बमवर आहे तो 'आस क्वात्रो एस्तासोंइस', 1989. त्यांचा सगळ्यात खपलेला. ह्याच वेळी रेनातो रोशा बाहेर पडला. त्याची कथा वाईट आहे. 2012 मध्ये एका टीव्ही वाहिनीला तो रिओच्या रस्त्यावर राहताना सापडला. 2015 मध्ये गेला. ज्या बँडची गाणी सगळ्या देशाला पाठ, तिचा बेसवाला फुटपाथवर.

'मेनिनोस इ मेनिनास'ही ह्याच अल्बमवर. मुलगेही आवडतात आणि मुलीही, हे त्याने गाण्यात सरळ म्हटलं. पुढच्या वर्षी मुलाखतीतही बोलला. त्याच सुमाराला त्याला एचआयव्हीचं निदान झालं, ते मात्र शेवटपर्यंत गुप्त ठेवलं. काझुझा नावाचा तिथला दुसरा मोठा गायक आजार जाहीर करून 1990 मध्ये गेला होता. मासिकांनी त्याचे खंगलेले फोटो कसे छापले ते रेनातोने बघितलेलं.

त्याच्या हयातीतला शेवटचा अल्बम 'आ तेंपेस्ताजी' सप्टेंबर 1996 मध्ये आला. आवाज थकलेला, ऐकवत नाही. 11 ऑक्टोबरला तो गेला, वय 36. राख रिओजवळ बागरचनाकार बुर्ले मार्क्सच्या बागेत विखुरली. अकरा दिवसांनी बाकी दोघांनी बँड संपल्याचं जाहीर केलं.

डबलबेस

मग आता त्या नावाने दौरे कोण करतंय?

उंडगा

ते कोर्टकज्जाचं प्रकरण. नावाची नोंदणी रेनातोच्या कंपनीकडे, कंपनी वारसाकडे. दादो आणि बोन्फा पहिल्या अल्बमला तीस वर्षं झाली म्हणून तो घेऊन दौऱ्यावर निघाले, आणि नावावरून वारसाशी खटला चालला. 2021 मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयाने निकाल दिला, तीन विरुद्ध दोन. दोघांना नाव वापरायची मुभा.

कुजकट_काका

म्हणजे सातबारा वारसाच्या नावावर, पण कसेल त्याची जमीन. कूळकायदा लागू झाला म्हणा की.

अनुस्वार

काका, ह्या एका वाक्यासाठी तुमच्या मागच्या सगळ्या चुका माफ.

घरचा_अभ्यास

पण मूळ कायदेशीर मुद्दा पटत नाही. उद्या वारसाने पैसे घालून नाव जपलं आणि...

(इथून पुढचे तेवीस प्रतिसाद बौद्धिक संपदेवर. संपादक मंडळाने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

रेवा

वेगळा धागा झाला ते बरं झालं. मला सांगा, सुरुवात कुठून करू? मला भाषा येत नाही.

उंडगा

'दोइस' लाव, 1986 चा. आधी 'तेंपो पेर्दिदो', मग 'एदुआर्दो इ मोनिका', आणि शेवटी 'इंदियोस'. त्याला चाल अशी नाहीच, एक की-बोर्ड फिरत राहतो आणि तो श्वास न घेता बोलतो. फारोएस्ते मात्र वर दिलेली गोष्ट वाचूनच ऐक. आधी नुसती गिटार, मध्ये रेगे, आणि भांडण पेटलं की पंक. भाषा न येता कुठे पोचलो ते कळतं.

वसईची_केळी

रेवा, मी आज तेच केलं. सकाळच्या लोकलला वसई रोडला लावलं, समोर धागा उघडा ठेवून. नायगावला जुआंव सुतारकाम सोडत होता. खाडीच्या पुलावर गिटार एकदम आदळली, म्हटलं आलं सेइलांजिया. भाईंदरला संपलं. समोरची बाई म्हणाली, अगं तुझ्या कानातलं आम्हाला सगळ्यांना ऐकू येतंय, कोण भांडतंय एवढं?